बरकत, दोन, तीन

माझ्या नाकावर राग असतो, हे कामशेतच्या पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी एकेचाळीस सालच्या थंडीत मी काय काय गिळलं ते माझं मला माहीत. शेळीने माझी मुळाक्षरं खाल्ली, तरी मी तिच्यावर काठी उगारली नाही. मुलांना मारायचं नाही असं पुस्तकात लिहिलं होतं. शेळीबद्दल काही नव्हतं, पण म्हटलं, हाताला सवय लागलेली बरी.

पुस्तक मॉन्टेसोरी पद्धतीचं. पुण्याला माहेरी गेले होते तेव्हा तिथल्या एका बालमंदिरात पंधरा दिवस कोपऱ्यात बसून मी सगळं पाहून घेतलं आणि येताना ते पुस्तक घेऊन आले. त्यात गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा होता, रंगीत पट्ट्या होत्या, बोटाने गिरवायची खरखरीत अक्षरं होती. सगळी चित्रं विलायती, आणि लढाईमुळे विलायती सामान काही मिळत नव्हतं. मग घरात असेल त्यावर भागवायचं ठरवलं. माझी गुलजार साडेपाच वर्षांची, धाकटी रशिदा तीनची. दोघींना मी घरीच शिकवणार, असं मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे, आणि मधल्या वेळात घरात काय होईल त्याची जबाबदारी घ्यायचे नाहीत. ते म्हणाले, अब्बांना विचार.

अब्बा म्हणजे माझे सासरे, नूरमहंमद. घरात लहानथोर सगळेच त्यांना अब्बा म्हणत. आंदर मावळातून गाड्या भरून येणारा तांदूळ ते घ्यायचे आणि मापाने विकायचे. घराच्या पुढच्या अंगाला दुकान, मागच्या अंगाला आम्ही. त्यांना विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून मी न विचारताच सुरुवात केली.

इंद्रायणीची बारीक रेती आणून चाळली. चहाच्या खोक्याच्या फळ्यांवर भाताच्या खळीने अक्षरं काढली आणि त्यांवर रेती भुरभुरली. तीच ही अक्षरं. उन्हात वाळत घातली होती आणि शेळीने खळीच्या वासाने ती एका दुपारी चाटून साफ केली. ज्ञ तेवढा राहिला, तो तिलाही जड गेला असावा. दुसऱ्या खेपेला मी बाभळीचा डिंक वापरला. काडेपेट्यांत वाल, तांदूळ आणि खडे भरून आवाज ओळखायच्या डब्या केल्या. बटणं लावायच्या सरावासाठी अब्बांच्या जुन्या जाकिटाचा पुढचा भाग कापून लाकडी चौकटीला ठोकला. ते जाकीट जुनं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मनोऱ्याचं मात्र काही जमेना. आमच्याकडे तांदूळ पाखडायला सरुबाई यायची, आंदर मावळातली, पहाटे निघून तीन कोस चालत. तिने पुस्तकातलं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये ठोकळं कशापायी? आपली मापं न्हाईत व्हय?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. सात मापं, प्रत्येक पुढचं मागच्याच्या दुप्पट, आणि रोज माझ्या नाकासमोर. अब्बा जेवून दुकानातच तासभर पडायचे. तेवढ्या वेळात मी मापं आत आणायची आणि पोरी एकावर एक रचून मनोरा करायच्या, पाडायच्या, पुन्हा रचायच्या. आठ दिवसांत गुलजार डोळ्यांना ओढणी बांधून नुसत्या हाताने माप ओळखायला लागली. मला इतका आनंद झाला की मी सरुबाईला मिठी मारली. ती म्हणाली, तांदूळ सांडला.

एकच काटा होता. सकाळी गुलजार दुकानात अब्बांच्या मांडीशी बसायची, आणि अब्बा माप मोजताना पहिल्याला कधी एक म्हणायचे नाहीत. पेठेतले बाकीचे दुकानदार पहिल्या मापाला लाभ म्हणत, आमच्याकडे बरकत. बरकत, दोन, तीन. पहिलं माप देवाच्या नावाचं, त्याला नुसतं एक म्हणून चालायचं नाही. तेच गुलजारच्या तोंडी बसलं. मी एक चिंचोका पुढे ठेवायची, ती म्हणायची बरकत. मी म्हणायची एक. ती मान डोलवायची, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा बरकत. एकदा तर मलाच समजावून सांगितलं, "अम्मी, एक म्हटलं ना, तर पुरत नाही." मी अंगणात जाऊन गादी झोडपली. गादीबद्दलही पुस्तकात काही नव्हतं.

आणि मग दत्तोबा मास्तर आले. ते गावातल्या शाळेचे हेडमास्तर, अब्बांचे जुने गिऱ्हाईक. त्या दिवशी भर दुपारीच तांदळाला आले. अब्बा उठले, बघतात तो मापं गायब. शोधत शोधत दोघेही मागच्या दारी पोचले. तिथे गुलजार डोळे बांधून अधोली कुरवाळत बसलेली, रशिदा अब्बांच्या जाकिटाची बटणं लावतेय, आणि शेळी ज्ञ चाटून बघतेय. अब्बा कितीतरी वेळ फक्त जाकिटाकडे बघत होते.

मास्तर हसले. साडेपाच वर्षांच्या पोरीच्या हातात अजून पाटी नाही आणि घरात आंधळी कोशिंबीर चालू आहे, असं काहीतरी ते बोलले. अब्बांना ते लागलं. पेठेत त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि नात अडाणी राहिली असं कुणी म्हणालेलं त्यांना खपलं नसतं. दारातच ठरलं. शुक्रवारी नमाजनंतर मास्तर दुकानात गुलजारची परीक्षा घेतील. पास झाली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून मास्तरांच्या शाळेत.

मास्तर वाईट नव्हते. पण त्यांच्या टेबलावर करंजाची छडी असायची, आणि मी दुसरीत असताना आमच्याही मास्तरांच्या टेबलावर तसलीच होती. उत्तर येत असूनही तिच्याकडे बघितलं की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. ती छडी मला माझ्या पोरीच्या तळहातावर नको होती. एवढंच होतं माझं मॉन्टेसोरी, बाकी सगळं रेती आणि डिंक.

चार दिवस मी गुलजारच्या मागे लागले. एक म्हण. एक. एक. शुक्रवारी सकाळी केसांना तेल लावताना पुन्हा सांगितलं, आणि तिने मान डोलवली.

दुकानात ही गर्दी. आंदर मावळातल्या गाड्या आल्या होत्या, आणि फुकटची करमणूक गाडीवाले कशाला सोडतील? मास्तर गादीवर बसले, अब्बा त्यांच्या शेजारी, मी आतल्या दाराच्या पडद्याआड, माझ्यामागे सरुबाई. अक्षरांत गुलजार कुठे अडली नाही. मास्तर अक्षर सांगायचे आणि ती तांदळाच्या ढिगावर बोटाने काढायची. तिने 'आगगाडी' लिहिलं तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसला. अब्बा आडव्या डोळ्याने गिऱ्हाइकांकडे बघत मिशीवर हात फिरवायला लागले.

मग मास्तरांनी खिशातून चिंचोके काढले आणि एक पुढे ठेवला.

"किती?"

गुलजारने पडद्याकडे पाहिलं. मी ओठ हलवून एक म्हटलं. तिने चिंचोक्याकडे पाहिलं, मग अब्बांकडे.

"बरकत," ती म्हणाली.

सरुबाईने मागून धरलं म्हणून मी पडद्यासकट दुकानात पडले नाही.

मास्तरांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. त्यांनी चिंचोके गोळा केले. "नूरभाऊ, पोर हुशार आहे. पण एक म्हणजे काय तेच तिला ठाऊक नाही. सोमवारी पाठवा."

अब्बांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, आणि मला वाटलं, आता जाकिटाचा विषय निघणार.

"मास्तर," ते म्हणाले, "पंधरा वर्षं तुमचा तांदूळ मी मापतोय. पहिल्या पायलीला मी कधी एक म्हटलं? आणि ती तुमच्या पोत्यात पडली नाही, असं कधी झालं?"

गाडीवाले हसले. मास्तरही हसले असते, पण हेडमास्तर होते. दुकानातलं दुकानात, शाळेत एकाला एकच म्हणतात, असं ते म्हणाले. मग दुकानातलंच विचारा, अब्बा म्हणाले. मास्तरांनी विचार केला आणि म्हणाले, ठीक आहे, सांग गुलजार, एका पायलीत निळवी किती? चौथीच्या पोरांची फे फे उडते असा प्रश्न. मी पडद्याआड गादी शोधत होते.

"मोजून सांगू?" गुलजारने विचारलं.

तिने पायली मधोमध ठेवली, निळवं घेतलं, तांदूळ भरला, तळहाताने सपाट केला आणि ओतला. बरकत. दोन. तीन. दहापर्यंत ती एकटी मोजत होती. अकराला एका गाडीवानाने सूर धरला, पंधरापर्यंत सगळं दुकान मोजायला लागलं. रशिदा पडद्याखालून निसटली आणि मध्ये जाऊन बसली. तिला सगळ्या आकड्यांत एकच येत होता, त्यामुळे प्रत्येक मापाला ती जोरात बरकत म्हणायची. वीस, बरकत. एकवीस, बरकत. समोरचा पानवाला ठेला सोडून आला. शेळी आली, तिला दोघांनी धरून ठेवलं, आणि धरणारेही मोजत होते. पडदा कधी बाजूला झाला कळलं नाही. मी मोजत होते, सरुबाई मोजत होती, तिला वीसपर्यंतच येत असूनही.

इकडे मास्तर खडूने खांबावर हिशेब करत होते. बत्तीसाव्या मापाला त्यांनी हात वर केला. "झालं. बत्तीस."

गुलजार थांबली नाही. सगळ्यांनी पायलीत वाकून पाहिलं. पायली अर्धी होती. मास्तरांनी खांबाकडे पाहिलं, बोटांवर मोजत पुटपुटले, निळवं, कोळवं, चिपटं, शेर, आणि मधलं मापटं गळाल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बाहीने खांब पुसला आणि तेहेतिसापासून तेही मोठ्याने मोजायला लागले.

चौसष्टावं निळवं ओतलं तेव्हा तांदूळ पायलीच्या काठाला लागला. गुलजारने वरून हात फिरवला. एक दाणा खाली पडला नाही.

"चौसष्ट," ती म्हणाली, आणि रशिदा म्हणाली, "बरकत."

दुकानात एवढा गलका झाला की स्टेशनावरचा हमाल काय झालं म्हणून बघायला आला. अब्बांनी गुलजारला उचलून तांदळाच्या ढिगावर बसवलं. ज्या ढिगावर मांजर बसलेलं त्यांना चालायचं नाही, त्या ढिगावर. सोमवारी ती कुठेही जाणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जाकिटाचं आपण नंतर बोलू." मी रडत होते, हसतही होते. चार दिवस मी जो शब्द पोरीच्या तोंडातून काढायला धडपडले, त्यानेच अब्बांना तिच्या बाजूने उभं केलं होतं. मनातल्या मनात मी माझ्याच थोबाडीत मारून घेतली.

सोमवारी सकाळी मागच्या दारी कडी वाजली. दारात मास्तर, आणि त्यांच्या धोतराला धरून त्यांची धाकटी शालू, पाच वर्षांची, नाक लाल. मास्तर माझ्याकडे न बघता उंबऱ्याकडे बघत बोलत होते.

"सूनबाई, हिला तुमच्याकडे बसू दे. माझ्या शाळेत आणली की दारापासूनच रडते. बापाला घाबरते."

मी काही म्हणायच्या आत गुलजारने शालूचा हात धरून तिला आत नेलं. मागून सरुबाई आपल्या नातवाला, गेणूला, खांद्यावर घेऊन आली. त्याला तीन कोस आणलं म्हणजे परत पाठवायचा प्रश्नच नव्हता. समोरच्या पानवाल्याने आपली दोन्ही पोरं पाठवली, न विचारता. मी चटई पसरली आणि सगळ्यांना ओळीने बसवलं. अब्बा दुकानातून आत आले, हातात सातही मापं, आणि ती चटईवर ठेवून परत गेले.

मी पोरं मोजायला बोट उचललं. शालूवर बोट ठेवलं.

"बरकत," मी म्हटलं.

गुलजारने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचे आकडे आम्ही दोघींनी मिळून म्हटले.