नाम घेणारे मासे

डोहाकाठी अख्खं गाव लोटलं होतं. पाण्यात शेकडो मासे तोंडं वर काढून उघडझाप करत होते आणि मत्स्यानंद महाराज माइकवरून गर्जत होते, "बघा भक्तहो, मुके जीव नाम घेतायत! चुरमुरे वाहा, पुण्य मिळवा!"

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. असली नाटकं एरवी हसून सोडून देते, पण महाराजांचं पुढचं वाक्य ऐकून माझं डोकं तडकलं. "या पवित्र माशांना मारणाऱ्या जनीनं आज नाक घासावं, नाहीतर गावकीनं तिला वाळीत टाकावं!"

गावकीचे पुढारी बुधाजी मान डोलावत होते. ओढ्याच्या मासळीवर घर चालवणारी जनी मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "माझी आजीपन इथंच मासं धरायची. तवा न्हाय घेतलं त्यांनी नाम?"

मी पाण्याजवळ गेले. कुजक्या चुरमुऱ्यांचा वास येत होता आणि ओढ्यावरच्या बंधाऱ्यातून डोहात पडणारी धार बंद होती.

"बुधाजीकाका, बंधाऱ्याची तळची फळी कोणी लावली?"

"ती आपण कदी लावत न्हाय, बाई. वालाच्या पिकाला पानी अडवतो, पन तळातनं धार सोडतोच. न्हायतर खालचं मासं मरतील."

"मग चला वर."

तळची फळी बसवलेली, फटी चिखलानं लिंपलेल्या. शेजारी महाराजांचा चेला भावेश राखण करत बसलेला. आम्हाला बघून तो घाबरला. "महाराजांनीच सांगितलं," एवढंच बोलला.

मागून महाराज धापा टाकत आले. "हात लावशील तर भस्म होशील!"

"व्हईन की," म्हणत जनीनं फळी उपसली.

पाणी खडकांवरून आपटत डोहात पडू लागलं. आम्ही परत डोहाकाठी उतरलो. मासे आधी धारेपाशी गोळा झाले आणि दुपारपर्यंत सगळे तळाला गेले. एकही तोंड वर दिसेना.

"देव रुसले!" महाराज किंचाळले.

"देव नाही, मासे सुटले," मी म्हटलं. "वाहत्या पाण्यात हवा मिसळते, तिच्यावर मासे जगतात. धार तोडलीत, वर चुरमुरे कुजवलेत, म्हणून ते गुदमरून वर येत होते. मंडळी, श्रद्धा ठेवायची तर ठेवा, पण चमत्कार दिसला की आधी पाणी कुठं अडवलंय ते जाऊन बघा."

बुधाजी खाली बघत होते. जनीनं ओली फळी त्यांच्या पायाशी टाकली.

"आता बोला काका, नाक कुनी घासायचं?"