आईची काठी गोलात फिरली

“आई, तू त्या जटावाल्यांना घाबरतेस का?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी भर माळावर, सगळ्यांसमोर विचारलं. आई आमच्या ठाण्याची इन्स्पेक्टर. माळावर तंबू ठोकून राहिलेल्या या जटावाल्यांच्या रात्रभर चालणाऱ्या ढोलांनी वैतागलेले गावकरी ते तंबू उखडायलाच आले होते.

आई नुसती हसली. तंबूवाल्यांची रीत अशी, की गोल बसायचं आणि ज्याच्या हातात लाकडाचा दांडका असेल त्यानेच बोलायचं. आईने चक्क आपली पोलिसी काठीच पुढे केली!

“घ्या बेकरीवाले, आधी तुम्ही भांडा.”

गावकऱ्यांच्या पुढे उभा असलेला बेकरीवाला तावातावाने बोलला, मग एक जटावाला. काठी फिरत राहिली. ठरलं, अंधार पडला की ढोल बंद, आणि रोज गावातलं कुणीतरी गोलात बसणार. तंबू वाचले. माझी छाती काय फुगली म्हणता!

घरी येताच मी जाहीर केलं, “आई, बाबा, उद्या गावाकडून काठी मी धरणार.”