वरचा आकडा

मी मागच्या बाजूला पडले, म्हणून आज दोन्ही हात धड आहेत. पुढे पडले असते तर चादरीबरोबर इस्त्री होऊनच पलीकडे निघाले असते, असं लांबी म्हणाली. लांबी म्हणजे माझी कामावरची जोडीदारीण, उंच म्हणून लांबी. आमच्या लॉन्ड्रीत हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. धुऊन पिळून आलेली ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, एकदा झटकायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात सरळ सोडायची. डावं टोक माझं, उजवं लांबीचं, असं बावीस वर्षं चाललंय. त्या दिवशी डोळ्यांपुढे आधी काजवे चमकले, मग तेही विझले. जाग आली तेव्हा लांबी माझे पाय उचलून धरून उभी होती.

लॉन्ड्रीच्या नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा अठ्ठ्याऐंशी, खालचा छप्पन्न.

"एवढ्या दाबावर तुम्ही उभ्या कशा राहता?"

"सवयीने," मी म्हटलं.

सुपरवायझर वाईट माणूस नाही. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग नियम सांगितला. तूर्त घरी बसायचं आणि एका महिन्याने नर्सबाईंचा कागद आणायचा. वरचा आकडा शंभराच्या वर असेल तर रोलर, नाही तर घर. घड्या घालायला खाली मशीन आलं होतं, त्यामुळे बसून करण्यासारखं दुसरं काम त्याच्याकडे उरलं नव्हतं. मी बरं म्हटलं.

मला काही वाटलं नाही. मला सहसा वाटत नाही. आई गेली तेव्हा लोक रडत होते आणि मी कपबशा विसळत होते. माझी थोरली बहीण, ताई, दोघींच्या वाटचं रडून घेते. ती मला गोगलगाय म्हणते. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण तिने मला लहानपणापासून चिकटवली आहे.

निघताना नर्सबाईंनी समजावलं. पाणी भरपूर प्या, थोडं थोडं पण वरचेवर खा, अंथरुणातून एकदम उठू नका, पाय वर करून बसा, सकाळी कॉफी घ्या. "आणि मीठ जरा वाढवा. पण तुमच्याच ताटात हं. घरात कुणाचं प्रेशर हाय असेल तर त्याला त्यातलं देऊ नका."

"घरी ताई आहे फक्त," मी म्हणाले. "ती घोड्यासारखी आहे."

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून ती लोकांच्या पँटी आखूड करते, कमरेला सैल करते. तोंडात टाचण्या धरून बोलते आणि तरी सगळं कळतं. मी सुपरवायझरचं सांगितलं तेव्हा तिने टाचण्या काढून उशीत खोचल्या, डोळे पुसले आणि पायात चप्पल घातली. तासाभराने परत आली ती दाबाचं मशीन, दोन किलो मीठ, लिंबं, मनुका, बीट आणि शेजारच्या काकूंचे तीन सल्ले घेऊन.

"आधी माझ्यावर बघू चालतंय का," म्हणत तिने स्वतःच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मशीन घुरघुरलं, फुगलं, सुस्कारा टाकून थांबलं. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. खालचा शंभराच्या पुढे.

"हे बिघडलेलं दिलं मेल्याने," ताई म्हणाली.

मग तिने ते मला लावलं. नव्वद. नर्सबाईंच्या आकड्याच्या जवळचा.

"तुझं बरोबर दाखवतंय," ती म्हणाली. "माझं जिन्यामुळे. पिशव्या घेऊन चढले ना दोन मजले."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. ती हसली. मीही हसले असेन. पट्टा त्यानंतर महिनाभर तिच्या दंडाला लागला नाही.

तो आकडा मी पाहिला होता. नर्सबाईंचं वाक्यही अजून कानात होतं. उगाच कशाला, नंतर बोलू, असं मी स्वतःला म्हटलं. ते 'नंतर' काही आलं नाही.

कारण असं होतं की ताई करून द्यायची ते मिठाचं पाणी मला जात नव्हतं. मोठा ग्लास, अर्धं लिंबू, वर चमचाभर मीठ. ताईचं माप नेहमीच सढळ. पहिल्या दिवशी दोन घोट घेतले आणि बेसिनवर धावले. दुसऱ्या दिवशी ग्लासाकडे बघूनच मळमळलं. मी ग्लास सरकवला आणि म्हटलं, "जाऊ दे नोकरी."

ताईने काय केलं, तर स्वतःसाठी दुसरा ग्लास बनवला. लहानपणी मला कडू औषध द्यायची तेव्हाही ती आधी एक चमचा स्वतः घ्यायची आणि आंबा खाल्ल्यासारखं तोंड करायची. तीच तऱ्हा. "चल, बरोबर. एक, दोन, तीन." ती गटागट प्यायली. मीही प्यायले. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण समोर कुणी पीत असलं की माझ्याच्याने पिववतं. एकटीला ग्लास तोंडाला लावता येत नाही, याला काय करणार.

मग ते रोजचंच झालं. सकाळी उठल्यावर दोन ग्लास, संध्याकाळी दोन. सूप खारट, बटाटे खारट, उकडलेल्या अंड्यावर मिठाचा थर. मी म्हटलं, तुझ्यासाठी वेगळं काढ. ती म्हणाली, दोन माणसांच्या घरात दोन पातेली चढवायची म्हणजे सरळ भिंतच घाला ना मध्ये. मी पुन्हा म्हटलं नाही.

आणि आकडा चढायला लागला. शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, एकशे एक. ताई शिवणाच्या वहीत मागच्या पानावर तो लिहायची, लोकांच्या कमरेच्या मापांच्या शेजारी. शंभराच्या वर असला की काकूंना हाक मारून सांगायची, जणू मी परीक्षेत पहिली आले आहे. काकूंचा एक सल्ला भिजवलेल्या मनुकांचा होता, तो आम्ही पाळला. बिटाचा रस प्रेशर उलट उतरवतो, असं लांबीने कुठेसं ऐकलं होतं. ताईने बीट तिसऱ्या दिवशी बंद केलं. तेवढं एक ताईच्या उपयोगाचं होतं, हे मला आता कळतं.

दुसऱ्या आठवड्यात ती डोकं दुखतं म्हणाली. मानेत, मागच्या बाजूला. बारीक टाक्यांचं काम होतं, डोळ्यांवर ताण आला असेल, असं ती म्हणाली. मी तिची मान चोळून दिली. तिसऱ्या आठवड्यात अंगठी निघेना, बोटं सुजली होती. साबण लावून काढली. प्रत्येक वेळी एकशे अठ्ठ्याहत्तर माझ्या जिभेपर्यंत यायचं. मशीन तिथेच, माझ्याच खुर्चीपाशी असायचं. हात लांब केला असता तर पट्टा मिळाला असता. पण आकडा पुन्हा तसाच आला असता तर तिचा ग्लास बंद झाला असता, मग माझा, मग रोलर. मला इतका सरळ हिशेब कधीच जमला नव्हता. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न, मी म्हणायचे. कागद मिळाला की सांगू.

महिना भरला त्या दिवशी नर्सबाईंनी दोनदा मोजलं. एकशे बारा, चौऱ्याहत्तर. त्यांनी सही केली, शिक्का मारला. सुपरवायझरने कागद फायलीला लावला आणि म्हणाला, "सोमवारपासून या." लांबीने माझ्या पाठीत धपाटा घातला. मला बरं वाटलं, थोडंसं.

घरी आले तर दार उघडंच होतं. टेबलावर दोन ग्लास भरलेले. ताई शिवणयंत्रापाशी खुर्चीत एका अंगावर कलली होती. उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. तिने मला पाहिलं आणि काही तरी विचारलं. शब्द फुटला नाही, पण काय विचारलं ते मला कळलं.

"एकशे बारा," मी म्हटलं.

मग मी काकूंना हाका मारल्या.

हॉस्पिटलातलं सगळं मी नीट केलं. फॉर्म भरले, सह्या केल्या, डॉक्टरांनी विचारलं ते सांगितलं. प्रेशरचा त्रास कधीपासून? माहीत नाही. गोळ्या? नाही. आधी कधी तपासलं होतं? नाही. तिच्या पलंगावर चादर होती ती आमच्याच लॉन्ड्रीतली, काठावर आमचा शिक्का होता. मी ती गादीखाली खोचली. सुपरवायझरने पंधरा दिवसांची रजा दिली.

बाराव्या दिवशी ताई घरी आली. उजवी बाजू अजून तिची झाली नव्हती. शब्द एकेक करून येत होते, तेही अर्धवट. आता पातेलं एकच, पण मिठाशिवाय. त्या दुपारी मी तिला सूप भरवत होते. चौथ्या चमच्याला तिने तोंड वाकडं केलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाली, "अळणी."

मला हसू आलं. ती पण डाव्या बाजूने हसली. आणि मग माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. का त्याच वेळी, ते मला सांगता येणार नाही.

"ताई, मशीन आणलंस त्या दिवशी तुझा आकडा मी बघितला होता. मशीन बिघडलेलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मीठ तुला द्यायचं नाही, असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. मी मुद्दाम बोलले नाही. तू थांबली असतीस तर मला एकटीला ते प्यायला जमलं नसतं."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे गं. फोडलेली बशी, जाळलेला शर्ट, मोडलेलं लग्न, माझ्या प्रत्येक गोष्टीवर ताई जाऊ दे गं म्हणाली आहे. तेवढे तीन शब्द तिला आता येत नसले तरी डोळ्यांनी म्हणेल.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुढचा चमचा तिच्या ओठांपाशी नेला. तिने तोंड उघडलं नाही. मी चमचा तसाच धरला. सूप निवत गेलं. मी म्हटलं, "ताई, दोन घास." तिने मान भिंतीकडे वळवली.

"काकू," ती म्हणाली.

आजारपणानंतरचा तिचा सगळ्यात स्वच्छ शब्द.

काकू आल्या. माझ्या हातातून वाटी घेऊन त्यांनी ताईला भरवलं, आणि ताईने सगळं खाल्लं, तळ दिसेपर्यंत. मी दारात उभी होते. मला लाज वाटली. भीती वाटली. छातीत दुखलं, खरंच दुखलं, आणि इतकी वर्षं हे सगळं माझ्यात होतं कुठे, असंही वाटलं. काकूंनी विचारलं, "भांडलात की काय गं?"

"नाही," मी म्हटलं. "माझं चुकलं."

त्याला आता तीन आठवडे झाले. मी रोलरवर जाते. सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी आल्यावर मी रांधते आणि वाटी काकूंच्या हातात देते. ताई माझ्याशी बोलते, पाणी दे म्हणते, खिडकी लाव म्हणते, पण माझ्या हातून खात नाही. चमच्याचा आवाज थांबेपर्यंत मी ओट्यापाशी उभी असते. पाय भरून येतात, पण बसवत नाही.