लॅम्बर्टची भाकरी

पुलाच्या मधोमध उभं असलेलं चॅपल राजाच्या माणसांनी बंद केलं, तेव्हा फादर ओस्विन निमूटपणे गाठोडं बांधून चालते झाले. सिसलीला त्यांचा भयंकर राग आला. दर रविवारी फादर तिथे पुलापायी जीव गेलेल्यांची नावं वाचायचे आणि माणसं म्हणायची, "देव त्याला शांती देवो." त्यात तिच्या लेकाचं, लॅम्बर्टचंही नाव होतं. कमान दुरुस्त करताना तो नदीत पडला होता. लोक नाव घेत राहिले तरच मेलेल्याचा जीव सुटतो, हे तिला आईच्या दुधासोबत मिळालेलं. नवा कायदा म्हणत होता, मेलेल्यांसाठी प्रार्थना हा शुद्ध खुळेपणा.

"मग मी खुळी," म्हणत सिसली चॅपलच्या कुलूपबंद दाराशी ओटच्या भाकऱ्यांची टोपली घेऊन बसली.

"लॅम्बर्ट घ्या, गरमागरम लॅम्बर्ट!"

गाव काय ते समजलं. पोट भरलेले विणकरसुद्धा थांबायचे. "एक लॅम्बर्ट दे गं मावशे," म्हणायचे आणि मान खाली घालून रविवारचं पुढचं वाक्य पुटपुटायचे.

चार टाळकी जमली की चहाडी ठरलेलीच. राजाचा अधिकारी घोड्यावरून आला.

"मेलेल्याचं नाव घेतेस?"

"भाकरीचं घेते, साहेब. तुम्ही कशाला भाकरीला नावं ठेवता?"

लोक फिदीफिदी हसले. साहेबाचे कान लाल झाले. त्याने टोपली लाथेने नदीत उडवली आणि पुन्हा बसलीस तर खोड्यात अडकवीन, असं बजावलं. सिसली दारापासून हलली नाही.

"लॅम्बर्ट," ती त्याच्या तोंडावर म्हणाली.

साहेबाने तिथल्या तिथे दवंडीवाल्याला बोलावून हुकूम सोडला. दवंडीवाला घंटा बडवत गावात शिरला. "ऐका हो ऐका! लॅम्बर्टचं नाव आजपासून कुणीही घ्यायचं नाही!"

पहिल्या दारातली म्हातारी म्हणाली, "देव त्याला शांती देवो."

दुसऱ्या दारातही तेच. दवंडीवाला गावचाच, त्याला सगळं कळत होतं. तो प्रत्येक कोपऱ्यावर हुकूम दोनदा वाचू लागला. सिसली त्याच्या मागोमाग चालत होती, डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं.

चांभारआळीपाशी त्याचा घसा बसला. तिने कुणाकडून तरी बिअरचा मग आणून त्याच्या हातात दिला.

"घे बाबा," ती म्हणाली. "अजून अख्खा बाजार राहिलाय."