साहेबरावाची गाय

साहेबरावाची गाय पहाटे मेली आणि रतनबाई दाराशी येऊन बसली. गायीचं दुःख कुणाला? आता मेलेली गाय ओढायला तिच्या पोराला, गेनूला बोलावणं येणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

आलंच. शाखेतला सावळाराम बौद्धवाड्याच्या कडेला उभा राहून ओरडला, "ए रतने, पोराला धाड! शाखेचं काम हाय!"

साहेबराव मार्गासनीच्या शाखेचा म्होरक्या. गेनू त्याच्या मागं सावलीसारखा फिरलेला. गोहत्याबंदीच्या मोर्च्यात भोरला जाऊन घसा बसवून आलेला.

"जाऊ नगंस," रतनबाई म्हणाली. "बुद्धाचा धरम घेतला तवा अख्ख्या वाड्यानं मेलं जनावर वढायचं सोडलंय. वढलंस तर आपले वाळीत टाकतील. न्हाई वढलंस तर त्ये सोडायचे न्हाईत."

"आये, शाखेत कुणी जात इचारत न्हाई. समदे मिळून खांदा देऊ." त्यानं गायीवर वाहायला झेंडूची फुलं घेतली, पांघरायला कोरं धडपं घेतलं. लग्नाला निघाल्यागत निघाला शहाणा!

रतनबाई मागोमाग गेली. गोठ्यापासून लांब दहा-बारा बाप्ये नाकाला उपरणं लावून उभे. गायीपाशी दोर टाकून ठेवलेला.

"ये गेनू," साहेबराव गोड बोलला. "दोर लाव. गोमातेची सेवा तुज्या हातनं."

"व्हय दादा. म्होरले पाय तुमी धरा, मागले म्या."

कुणीतरी फिस्सकन हसलं. 

"शेजारी बसवला, तर डोक्यावर बसाया लागला," सावळाराम म्हणाला. त्यांच्यातले दोघं गेनूच्या पाठीमागं सरकले.

गेनूच्या हातातली फुलं खाली पडली. तो वाकला. बोटं दोराला लागली.

रतनबाईची जीभ कुणाच्या बापाला भ्यालेली नव्हती. "साहेबराव, आई तुमची. लेकांनी उचलावी. माजं पोर परकं, हे आत्ता तुमीच दावलंत."

तिनं गेनूचं मनगट धरून त्याला ओढत आणलं. कुणी अडवलं नाही. शिवीसुद्धा दिली नाही. शिवी आली असती तर बरं वाटलं असतं.

दिवस कलताना ती हंडा घेऊन ओढ्यावर गेली. तिथं शाखेतले तिघं उभे होते, गेनूला 'बंधू' म्हणणारे. हातात काठ्या. त्यांनी पाणी अडवलं नाही, तिच्याकडं पाहिलंही नाही. त्यांची नजर तिच्या मागं, वाड्याच्या वाटेवर होती.

घरात गेनू एकटा होता.

रतनबाईनं हंडा तिथंच टाकला आणि लुगडं वर खोचून पळत सुटली.