टोपलीमागची पट्टी

“पट्टी? आमच्या टोपलीवर?” कृष्णाबाई उभी राहिली, तशी सभेतली कुजबुज थांबली.

मच्छीमार संस्थेचा चिटणीस अल्पेश माइक सावरत म्हणाला, “मावशी, टोपलीमागे थोडी मासळी, तीही तीनच महिने. खाडीकाठच्या झोपड्या जळल्या. ती परमुलखातली माणसं आपल्याच बोटींवर जाळी ओढतात. बायकापोरं ताडपत्रीखाली बसलीत.”

“द्यायचं नाय असं कोण बोलतंय? पण जबरदस्ती नको. पट्टी लावलीस तर आमच्या बायका त्यांचं तोंड बघणार नाय. मनानं देऊ दे. उद्यापासून मी फिरवते टोपली!”

टाळ्या पडल्या. अंधेरीच्या त्या मासळी बाजारात तिचा शब्द खाली पडत नसे. गिऱ्हाइकाला चार शिव्या घालून वर दोन बोंबील जास्तीचे टाकणारी बाई! पट्टी बारगळली.

पहिल्या दिवशी टोपली शिगोशीग भरली. कुणी तर अख्खा हलवा मासा टाकला. आठवड्याभरात मात्र ती येताना दिसली की बायका बर्फ सारण्यात गुंग होऊ लागल्या. “कालच दिलं ना गं,” तिची सख्खी जाऊ रुक्मिणी म्हणाली. मग टोपलीत मऊ पडलेली मासळी येऊ लागली. ताडपत्रीखालच्या एका लेकुरवाळीला वास आला, तरी ती हसून म्हणाली, “चलेगा, मौसी.”

ते ‘चलेगा’ कृष्णाबाईच्या घशात काट्यासारखं अडकलं.

पुढच्या सभेत ती आपणहून उठली. “अल्पेश, लाव पट्टी.”

“अगं, तूच नको म्हणालीस!” रुक्मिणी ओरडली.

“म्हणाले. त्या पोरांना भूक रोज लागते गं, आपल्याला दया रोज येत नाय. मला पण नाय येत. काल पाय दुखत होते, मी गेलेच नाय.”

“संस्थेच्या निवडणुकीला उभी हाईस ना? पडशील!” मागून कुणीतरी हसलं.

“पडेन.”

पट्टी थोडक्या मतांनी मंजूर झाली. निवडणुकीत कृष्णाबाई पडली, रुक्मिणी निवडून आली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नव्या कमिटीची बैठक होती. रुक्मिणी तिच्याकडे न बघताच निघाली. कृष्णाबाईने तिला थांबवलं, केसांतला वाकडा झालेला गजरा नीट केला. “जा आता. नीट बोल तिकडं.”

मग ती आपल्या ओट्यावर बसली. टोपलीतल्या बांगड्यांवर पाणी शिंपडलं. शेजारी जावेची मासळी उघडीच होती. हात लांब करून तिने त्या मासळीवरही शिंपडलं.