भवानीला गेलेला पाय

मी फर्मा बोलतोय. बोलायची हौस नाही मला. उभा जन्म चामड्यात तोंड खुपसून काढला, तिथं बोलायला कोण असतं? पण आत्मवृत्त सांगा, आत्मवृत्त सांगा म्हणून मागं लागलात, तर ऐका. मधे मधे प्रश्न विचारायचे नाहीत. शिक्षण विचाराल तर नाही. माझ्याच झाडाच्या दुसऱ्या ओंडक्याचा म्हणे शाळेत फळा झाला. तो शिकला असेल.

फर्मा म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर उगाच माना डोलवाल. मापाचा बूट शिवायचा तर आधी त्या माणसाच्या पायासारखा लाकडाचा पाय कोरावा लागतो. त्यावर चामडं ताणून बूट बेततात. तो लाकडाचा पाय म्हणजे मी. कुणाचाही नाही, नर्सबाईंचा. उजवा.

बाईंना लहानपणी ताप आला आणि जाताना उजवा पाय वाकडा करून गेला. टाच आखूड, चवडा आत वळलेला, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. नोकरी हॉस्पिटलात, दिवसभर वॉर्डात फेऱ्या. असल्या पायाला बाजारात बूट मिळत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या आबाच्या दुकानात आल्या. आबा म्हणजे माझा मालक. त्यानं त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि मला कोरायला बसला. पटाशी, मग कानस, मग काचकागद. एकदा त्यांच्या पायावरून हात फिरवायचा, एकदा माझ्यावरून. माझा डावा भाऊ सरळ, पटकन झाला. मला मात्र आबानं पुन्हा पुन्हा घासलं. पहिले बूट घालून बाई दुकानात चालून बघत होत्या. तिसऱ्या पावलाला थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, दुखत नाही हो!" आबानं नाक शिंकरल्यासारखं केलं. रडला होता मेला.

तेव्हापासून बाईंचे बूट झिजले की मी कामावर, एरवी फळीवर. झकास चाललं होतं.

मग लोक तयार बूट घ्यायला लागले. फळीवर धूळ साचली. आबाचे हात कापायला लागले. शिवण जमायची, पण पटाशी धरली की लाकडाला खड्डे पडायचे. नवा फर्मा काही त्याच्यानं होईना. त्याची लेक तायडी म्हणाली, "आबा, आता दुकान मोबाइलवर न्यायचं. नाहीतर कुलूप लावायचं."

ती आणि तिचा नवरा दुकानातच कॉम्प्युटर मांडून बसले. मोबाइलवरच्या दुकानाला म्हणे एक सॉफ्टवेअर लागतं. गिऱ्हाईक त्यात माल टोपलीत टाकतं, पत्ता भरतं, पैसे देतं. असली सॉफ्टवेअरं ढिगानं, आणि प्रत्येकाची नाटकं वेगळी. एक महिन्याला भाडं मागणारं. एक फुकट, पण दिसायला मयताच्या जाहिरातीसारखं. आणि एक देखणं, फोटो मोठे मोठे दाखवणारं.

आबा लांबूनच म्हणाला, "त्यात गिऱ्हाइकाला चार ओळी लिहायला जागा आहे का गं? अंगठा दुखतो, टाच घासते, असलं काही?"

"ती सोय भाड्याच्यात आहे, आबा. ह्या देखण्यात नुसता नंबर निवडायचा. सात, आठ, नऊ."

"आणि डावा सात, उजवा पाच असला तर?"

"तर त्यांनी दोन जोड घ्यावेत," जावईबापू म्हणाले आणि स्वतःच हसले. "आबा, तुमचं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे आजारी माणसाचा केसपेपर झालाय."

"केसपेपर कशाला? पाय म्हणा की."

पण देखणं ते देखणं. मुलगी बघायला जावं आणि घराच्या पडद्यांवर भुलावं, तशातली गत. तेच घेतलं.

आता रिकामं दुकान कसं दिसतं ते बघायला नमुन्याचा माल टाकायला हवा. तयार बूट अजून शिवायचे होते. जावईबापूंनी इकडंतिकडं पाहिलं. फळीवर ऊन आलं होतं, त्यात आम्ही दोघं भाऊ चकाकत होतो. "हे टाकू, झकास दिसतील. नंतर काढून टाकू." फोटो काढला, खाली लिहिलं, शोभेची जुनी लाकडी पावलं. मी शोभेचा! जन्मात कुणी इतकं टाकून बोललं नव्हतं.

काढून टाकायचं राहिलं. आणि विकलं गेलं.

तायडी नाचत दुकानात आली. "आबा, पहिली ऑर्डर!" कशाची ते ऐकून आबाचा चेहरा उतरला. "अगं, हा बाईंचा पाय आहे. पुढच्या आठवड्यात त्या यायच्यात. त्यांचे बूट फाटलेत."

तायडीचं नाचणं थांबलं. मग हळू म्हणाली, "नाही म्हणून कळवते. पण भवानी आहे, आबा."

भवानी म्हणजे पहिली विक्री. भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवलं की धंदा बसतो, असं आबाच मानायचा, आबानंच लेकीला शिकवलेलं. भावात तोटा सोसायचा, पण भवानी मोडायचा नाही. आता लेकीचं नवं दुकान, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं? त्यानं लेकीकडं पाहिलं. मग आम्हाला खाली काढलं, कागदात गुंडाळलं. स्वतःच्या हातानं. "करीन मी दुसरा," म्हणाला. त्या हातांनी! मला गुंडाळताना सुतळीची गाठ बसत नव्हती.

आम्ही गेलो एका मोठ्या घरात. त्या मालकिणीनं आम्हाला काचेच्या कपाटात ठेवलं, मान तिरकी करून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, हा एक वाकडा आहे. फसवलं आपल्याला." दुसऱ्या दिवशी आम्ही परत खोक्यात.

खोकं गेलं तायडीच्या घरी, परतीचा पत्ता तिचा होता. सॉफ्टवेअरनं विचारलं, माल का परत आला? कारण लिहायला जागा नाही, तीनातलं एक निवडायचं. तिनं सदोष निवडलं. झालं, त्यानं आपणहून माझ्या फोटोवर तांबडी पट्टी मारली, सदोष माल, निम्म्या किमतीत. तायडी म्हणाली, राहू दे, उद्या काढू, उद्याच आबांकडं पोचवू. ह्या घराण्याचा उद्या कधी उजाडत नाही.

उद्याच्या आत आम्हाला दुसरं गिऱ्हाईक आलं. नाव-पत्ता तायडीनं दोनदा वाचला. नर्सबाई.

कुरियर न करता ती स्वतः आम्हाला घेऊन त्यांच्या घरी गेली. बाईंनी दार उघडलं. पायात तयार बूट, उजव्यात कापूस कोंबलेला. लंगडत होत्या. माझ्या देखत लंगडत होत्या!

"माझं चुकलं, मावशी," तायडी म्हणाली. "मी ते आधीच काढायला हवं होतं. सदोष तर लिहायलाच नको होतं." पैसे परत घ्या म्हणाली. मग माझ्यावरून हात फिरवला आणि हुंदका दिला. तिचं माझं तिथं मिटलं.

बाईंनी तिला पाणी दिलं. "तुझ्यावर राग नाही गं. धंदा आहे, चूक होते. पण मी नवे बूट सांगायला दुकानात गेले तेव्हा काका मला काय म्हणाले, ठाऊक आहे? तुमचा फर्मा उंदरांनी कुरतडला. मी घरी येऊन रडले, माझा पाय गेला म्हणून. आणि मग वॉर्डातल्या पोरीनं मोबाइल पुढं केला, तुमच्या काकांचं दुकान बघा म्हणाली. उघडलं तर मीच. सदोष. खाली लोकांनी हसल्याच्या खुणा टाकलेल्या. आणखी कुणी हसू नये म्हणून घेतला विकत."

"मग द्या ना तो माझ्याकडं. आबा लगेच बूट शिवतील."

"शिवतील. पण त्यांना म्हणावं, स्वतः न्यायला या. मला खरं सांगा, आणि न्या. माझा पाय इतकी वर्षं मांडीवर घेतला त्यांनी. मला तोंड दाखवायला कसली लाज?"

तायडीनं निरोप दिला.  आबा म्हणे नुसता चामडं कापायच्या रापीला धार लावत बसला. दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. दुकान उघडतो, बंद करतो, इकडं येत नाही. जावईबापूंनी सॉफ्टवेअरसुद्धा बदललं, आता चार ओळी लिहायला जागा आहे. काय करायचीय ती जागा?

मी बाईंच्या खिडकीत आहे. ड्यूटीवरून आल्या की त्या गरम पाण्यात पाय सोडून बसतात. करंगळीला फोड आलाय, माझ्या त्याच ठिकाणी आबानं कधीकाळी खास काचकागद फिरवला होता. वेदना त्यांची, आणि नुसतं बघायचं मी. लाकडाला रडता येत नाही, नाहीतर फुगलो असतो.

कुणी ओळखत असाल त्याला, तर एवढं सांगा. हात कापतात तर कापू देत, शिवण अजून येते. खोटं बोललास, बोललास. ये, दार वाजव, बाईंना खरं सांग आणि मला घेऊन जा. त्या माफ करून बसल्यात. मी नाही. तायडीनं माफी मागितली, जावयानंही मान खाली घालून मागितली. ज्यानं मला कोरलं आणि ज्यानं मला गुंडाळलं, त्याची तेवढी राहिलीय.

आबाची.